मदत हवी आहे: टायपिंगच्या कामाचा लॅपटॉप बदलायचाय, कोणता घेऊ?

नोटरीगल्ली:
लॅपटॉप फार रखडतोय, वर्डची फाइल उघडायला दोन-दोन मिनिटं. फक्त टायपिंग आणि प्रिंट, बाकी काही नाही. बजेट ३५ हजार. मॉडेल सांगा, याच आठवड्यात घ्यायचाय.

खटखट:
कसलं टायपिंग? मराठी असेल तर युनिकोड (कुठल्याही यंत्रावर वाचता येतं ते) की श्री-लिपी (स्वतःचे वेगळे फॉन्ट असलेलं सॉफ्टवेअर)? आत्ताचा प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क काय? प्रिंटर कुठला?

बॅटरीभक्त:
सरळ स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाला घ्या. बॅटरी दिवसभर पुरते, यंत्र तापत नाही. टायपिंगला आणखी काय लागतं?

नोटरीगल्ली:
करारनामे, प्रतिज्ञापत्रं. श्री-लिपीची जुनी आवृत्ती, डोंगलवाली, म्हणजे यूएसबीत परवान्याची किल्ली लावावी लागते ती. आय३ पाचवी पिढी, ४ जीबी, १ टीबी हार्ड डिस्क. प्रिंटर लेझरजेट १०२०. आता तरी मॉडेल सांगा.

खटखट:
मग स्नॅपड्रॅगन बाद. तो इंटेलचा नाही, एआरएम जातीचा. त्याच्या विंडोजवर साधे प्रोग्रॅम इम्युलेशनने, म्हणजे इंटेलची नक्कल करून, चालतात, ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) नाही. ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला लागतो आणि जुन्या डोंगलला तसा मिळणं कठीण. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचंही तेच, घेण्याआधी विचारून घ्या.

बॅटरीभक्त:
एका डोंगलपायी नवं यंत्र का नाकारायचं? युनिकोडवर या. मराठी कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, फुकट.

खटखट:
नवीन कामाला युनिकोडच हवं, मान्य. पण जुन्या फायलींचं काय? श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रूपांतर करताना रफार सरकतो, ‘दुसऱ्या’तला ऱ्या मोडतो आणि इंग्रजीत लिहिलेला मजकूर त्याच झपाट्यात गेला तर त्याचा कचरा होतो. करारनाम्यात आडनाव किंवा गट नंबर बिघडलेला चालत नाही. प्रत्येक पान मुळाशी ताडून बघावं लागतं.

स्लॉटदोन:
नवा कशाला? दुखणं हार्ड डिस्कचं आहे. तिच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) घाला, ७ मिमी जाडीची. रॅम ८ जीबी करा, पण आधी खाच बघा. पाचव्या पिढीला बहुतेक डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही.

खटखट:
वेग येईल, पण विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. लोकांचे आधार, पॅन ज्या यंत्रात आहेत ते असं चालवू नये. नोटरीगल्ली, सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउटमध्ये बघा: सिस्टीम टाइप ३२ बिट की ६४?

आडवाट:
विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. लिब्रेऑफिस फुकट, व्हायरसची कटकट नाही.

स्लॉटदोन:
आडवाट, डोंगलचं काय करायचं ते पण सांगा.

नोटरीगल्ली:
३२ बिट. त्याने काय फरक पडतो?

खटखट:
सगळा फरक त्यानेच पडतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. श्री-लिपीचा सेटअप १६ बिटचा असेल तर ६४ बिटवर तो सुरूच होत नाही, प्रोसेसर कितीही भारी असो. डोंगलचा ड्रायव्हरही ६४ बिटचाच हवा. म्हणून दुकानात जाण्याआधी कंपनीला फोन करा. आवृत्ती आणि डोंगलवरचा क्रमांक सांगून विंडोज ११ साठी अपग्रेड मिळेल का, कितीला, ते विचारा. तो खर्च ३५ हजारांतून आधी बाजूला काढा.

मग उरलेल्यात रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून दुरुस्त केलेला) थिंकपॅड टी४८०, आय५ आठवी पिढी. रॅमच्या दोन खाचा, साधे यूएसबी पोर्ट, त्यामुळे डोंगल आणि प्रिंटर दोन्ही थेट लागतात. स्क्रीन १९२० बाय १०८० चाच मागा, १३६६ बाय ७६८ वालेही विकतात. घेतल्यावर पहिलं काम म्हणजे थंडरबोल्टचं (वेगवान टाइप-सी पोर्टचं) फर्मवेअर, म्हणजे त्याच्या चिपमधलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. जुन्या फर्मवेअरने तो पोर्ट निकामी होऊ शकतो, मग त्यातून चार्जिंगही होत नाही.

स्लॉटदोन:
टी४८० ला नंबरपॅड नाही. जुन्या फॉन्टमध्ये काही जोडाक्षरं ऑल्ट दाबून नंबरपॅडवर आकडे मारून काढतात, वरच्या ओळीतल्या आकड्यांनी ती येत नाहीत. १५.६ इंची टी५८० बघा.

नोटरीगल्ली:
बाहेरचा कीबोर्ड आहे, पण टी५८० बरा वाटतोय. उद्या आधी कंपनीला फोन करतो. जुना एक्स्चेंजमध्ये देऊ का?

खटखट:
लगेच नको. इंटरनेट काढून तसाच ठेवा, डोंगल तिथे लावून जुन्या फायली छापता येतील. फायली, फॉन्ट आणि वर्डची नॉर्मल टेम्प्लेट (नव्या फाइलची ठरलेली मांडणी) पेनड्राइव्हवर घ्या. नव्यावर एक लीगल साइझचा करारनामा छापून समास जुळले की मग द्या.