एसओपी लिहिणारे सल्लागारच तिचा रिव्ह्यू करायला आले तर?

प्रश्न (क्वालिटी_नर्स):
मी रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात आहे, त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात काढली. ऑपरेशननंतर जखमेत संसर्ग होण्याचं प्रमाण वाढलं म्हणून आमच्याकडे रिव्ह्यू लागलाय. मदतीला बाहेरचे सल्लागार आहेत. परवा अँटिबायोटिकची एसओपी (काम कसं करायचं ते ठरवून देणारा लेखी कागद) काढली, तर पहिल्याच पानावर 'तयार करणार' या रकान्यात त्यांचीच सही! तीन वर्षांपूर्वीची.

त्यांनी लपवलं नाही. "मीच लिहिलीय, म्हणून तर काम लवकर होईल," म्हणाले. माणूस सरळ आहे, अभ्यासही दांडगा.

पण त्या एसओपीत लिहिलंय की पेशंटला थिएटरकडे पाठवताना वॉर्डातच इंजेक्शन द्यायचं. ऑपरेशनची लिस्ट लांबली की चीर पडेपर्यंत दोन-अडीच तास जातात. सेफाझोलिन, म्हणजे हे अँटिबायोटिक, चीर देण्याआधी ६० मिनिटांच्या आत जायला हवं. त्यांच्या मसुद्यात मात्र कारण एकच: 'नर्सिंग स्टाफचं प्रशिक्षण अपुरं'. सिस्टरांनी तर एसओपीत लिहिल्याबरहुकूम केलंय हो! व्यवस्थापन म्हणतं, लेखी डिस्क्लोजर, म्हणजे 'ही एसओपी मीच लिहिलीय' अशी कबुली, घेतलं की झालं. खरंच होतं का?

जुना_ऑडिटर:
सर्टिफिकेशन देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ १७०२१-१ मध्ये नियम आहे: ज्याने सल्ला दिला, त्याला त्याच ठिकाणी ऑडिटला किमान दोन वर्षं पाठवायचं नाही. तुमचा रिव्ह्यू अंतर्गत, त्यामुळे तो थेट लागू नाही. लागू असता तरी तीन वर्षं झालीत म्हणून ते त्यातून सुटले असते. पण तुमच्याकडे त्यांनी लिहिलेला कागद आजही चालू आहे, आणि तपासायचाय तोच. वर्षं मोजत बसू नका.

संसर्ग_नियंत्रण:
डिस्क्लोजरवर विसंबू नका, ताई. २००५ मध्ये केन, लोवेनस्टाइन आणि मूर यांनी प्रयोग करून पाहिलं होतं. हितसंबंध जाहीर केल्यावर सल्ला देणारे उलट जास्तच झुकता सल्ला देत होते, आणि ऐकणारे त्या मानाने पुरेशी सावधगिरी बाळगत नव्हते. एकदा सांगून टाकलं की मन मोकळं होतं, असं काहीसं.

त्यांना काढायची गरज नाही. एसओपी अशी का लिहिली, हे समितीने त्यांना जरूर विचारावं. उत्तर देऊन त्यांनी बाहेर जावं. निष्कर्ष लिहिताना ते खोलीत नकोत आणि मसुदाही त्यांच्या हातचा नको. आणि एक बघा, त्यांनी सुचवलेलं प्रशिक्षण देणार कोण आहे?

क्वालिटी_नर्स:
तुमचं वाचून लगेच मसुद्याचं शेवटचं पान उघडलं. प्रशिक्षणाचा प्रस्ताव त्यांचाच आहे. माझ्या नजरेतून सुटलाच होता.

आज दुपारी पाच केसपेपर घेऊन बसले. वॉर्डच्या ड्रग चार्टवरची इंजेक्शनची वेळ आणि भूलतज्ज्ञांच्या चार्टवरची चीर दिल्याची वेळ शेजारी शेजारी लिहिली. चार ठिकाणी तासाच्या वर अंतर आहे. पाचव्यात पेशंट लिस्टमध्ये पहिलाच होता. उद्या हा तक्ता आणि एसओपीचं ते पान समितीच्या अध्यक्षांना देणार आहे. मसुदा दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्या, असं लेखी मागणार आहे. सल्लागारांनाही आधी फोन करून सांगेन. पाठीमागून काही केलंय असं त्यांना वाटायला नको.