डेनाली हायवे हिवाळ्यात स्नोमोबिलने: इंधन, सुटे भाग आणि धोक्याच्या जागा

उत्तरवाट:
आम्ही चौघे मित्र मार्चच्या मध्यात अलास्कातला डेनाली हायवे पार करायचा बेत आखतोय. कँटवेल ते पॅक्सन, १३५ मैल, मधे एक मुक्काम. चारही स्नोमोबिल (बर्फावर चालणाऱ्या गाड्या) ६०० सीसी टू-स्ट्रोक, टाकी ११ गॅलनची, एकीच्या मागे सामानाची स्लेज, म्हणजे ओढायची घसरगाडी. आखलेल्या ट्रेलवर सगळ्यांचा हात बसलाय, पण असा मोकळा रस्ता नवीन आहे. इंधन किती न्यावं? सुटे भाग कोणते? कुठे अडकायला होतं?

गॅलनमैल:
महिना योग्य निवडलात. मार्चमध्ये तिथे १२ तास उजेड असतो आणि बर्फ दबून घट्ट झालेला असतो. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत या रस्त्यावरचा बर्फ कोणी काढत नाही, त्यामुळे ट्रेल कसा असेल ते आदल्या दोन दिवसांच्या वाऱ्यावर ठरतं.

सगळा बेत इंधनावर उभा करा. दाबलेल्या ट्रेलवर तुमच्या गाड्या गॅलनला १२-१४ मैल देतील. ताज्या बर्फात ८-९ धरा, स्लेज ओढणारीला ७-८. म्हणजे साध्या गाडीला टाकीशिवाय ५ गॅलनचा एक कॅन आणि स्लेजवालीसाठी दोन कॅन. भरलेला कॅन साधारण १४ किलोचा. तो स्लेजमध्ये अगदी तळाला, मध्यापेक्षा किंचित मागे बांधा. वजन उंचावर गेलं की उतरत्या बाजूला स्लेज कलंडते.

मैलांचे आकडे पॅक्सनकडून मोजतात. ६८ व्या मैलावरचा अल्पाइन क्रीक लॉज हिवाळ्यातही चालू असतो. मुक्काम तिथेच करा, पण पेट्रोल मिळेल का हे निघण्याआधी फोन करून पक्कं करा. खात्री नसेल तर ७९ व्या मैलावरच्या सुसित्ना पुलाशी थांबून हिशोब करा. कँटवेलपासून तिथवर ५६ मैल होतात. कोणत्याही साध्या गाडीने ६ गॅलनपेक्षा जास्त जाळलं असेल तर थोडं पेट्रोल राखीव धरून पुढचे ७९ मैल तिच्या आवाक्यात नाहीत. तिथूनच परत फिरा. परतीला तुमचीच दाबलेली वाट मिळते, ती कमी पेट्रोल खाते.

क्लचपुली:
प्रत्येक गाडीला तिच्याच पार्ट नंबरचा एक सुटा ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाचा जोर पुलीवरून पुढे देणारा), स्लेजवालीला दोन. जड स्लेज मऊ बर्फातून कमी वेगाने ओढली की बेल्ट घसरतो, तापतो आणि तुटतो. नवा बसवताना पुलीत आणि आजूबाजूला अडकलेले धागे शेवटपर्यंत काढा, नाहीतर तोही जातो. नवीन बेल्टवर पहिले ३०-४० मैल पूर्ण थ्रॉटल नको.

दुसरी अडचण वाऱ्याने झाडून टणक झालेल्या पट्ट्यांवर येते. ट्रॅकच्या (गाडी ढकलणाऱ्या फिरत्या रबरी पट्ट्याच्या) आतल्या प्लास्टिकच्या स्लाइडला गारवा आणि वंगण उडणाऱ्या बर्फातूनच मिळतं. तो उडाला नाही की स्लाइड वितळतात, आणि इंजिनही तापतं. म्हणून आइस स्क्रॅचर (टणक बर्फ खरवडून उडवणाऱ्या तारा) बसवून घ्या आणि अशा पट्टीवर खाली सोडा. रिव्हर्स घेताना ते आधी वर करा. मोजके बोल्ट, स्पार्क प्लग, दोन लिटर टू-स्ट्रोक ऑइल, लोखंडी तार आणि ओढायचा पट्टा एवढं पुरतं. इंजिनाचे मोठे भाग नेऊ नका, वाटेत ते बदलता येत नाहीत.

रात्री गाडी दोन फळ्यांवर उभी करा. ओला ट्रॅक बर्फावर ठेवला तर सकाळी जागीच गोठलेला असतो, आणि तसाच थ्रॉटल दिला तर बेल्ट जळतो. गोठलाच तर मागचा बंपर उचलून आपटा, ट्रॅक सुटतो.

उत्तरवाट:
पुलाशी हिशोब करायची कल्पना पटली. ओव्हरफ्लोबद्दल, म्हणजे गोठलेल्या थरावरून वाहणाऱ्या पाण्याबद्दल ऐकलंय, ते रस्त्यावरही लागतं का? आणि पॅक्सनहून परत कसं यायचं?

तांबूसपहाट:
लागतं. मोठ्या नद्यांवर पूल आहेत, पण छोटे ओढे रस्त्यावर येऊन गोठतात आणि वरून नवं पाणी वाहत राहतं. बर्फ खचलेला, राखाडी, ओलसर दिसला की आधी एकाने जावं, बाकीच्यांनी मागे थांबावं. पाण्यात शिरलात तर थांबू नका, एका गतीने बाहेर काढा. बाहेर येताच ट्रॅक आणि सस्पेन्शनमधला चिखलबर्फ फावड्याने काढा. पाच-दहा मिनिटांत त्याचा दगड होतो. पाय भिजले तर तिथेच मोजे बदला, पुढच्या थांब्यापर्यंत ढकलू नका.

खरी कसोटी मॅक्लारेन समिटची, ४,०८६ फूट. झाडं नाहीत, वारा सतत. डोंगर कापून काढलेल्या रस्त्यात बर्फ साचून रस्त्याचाच तिरका उतार होतो आणि स्लेज गाडीला खाली खेचते. तिथे स्लेजवालीच्या वरच्या बाजूने दुसऱ्याने पायी चालावं, पट्टा धरून. पुढची खूण दिसेनाशी झाली तर चढू नका. उणे २० सेल्सिअसला ताशी ६० किलोमीटर वेगाने गेलात तर उघड्या त्वचेला ते उणे ३६ लागतं, म्हणून गॉगल आणि मास्कमधली फट बंद हवी. आतले कपडे सुती नकोत. बहुतेक वाटेत मोबाइल चालत नाही, सॅटेलाइट मेसेंजर दोघांकडे आणि तोही जॅकेटच्या आत.

वाटेत कुत्र्यांच्या स्लेज भेटतात. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, त्यांना जाऊ द्या.

पॅक्सनला सोयींवर भिस्त ठेवू नका. तिथून फेअरबँक्समार्गे कँटवेल सुमारे ३२० मैल रस्त्याने, म्हणजे ट्रेलर घेऊन कोणीतरी आधीच पोचलेलं हवं. तसा माणूस नसेल तर अल्पाइन क्रीकपर्यंत जाऊन कँटवेललाच परत या. १३४ मैल होतात, आणि तुमच्या ट्रेलरच्या गाड्या जिथे ठेवल्या तिथेच संपतं.