कोचीला क्रूझ थांबल्यावर खरेदीला कुठं आणि कसं जायचं?

विश्रामबागवाली:
नमस्कार मंडळी. मी, आमचे हे आणि सासूबाई मुंबईहून क्रूझनं चाललोय, मधे कोचीला जहाज सकाळी 8 ला लागतंय आणि दुपारी 4 च्या आत परत चढायचं असं सांगितलंय. क्रूझवाल्यांची टूर आहे पण माणशी जे पैसे सांगतायत ते ऐकून आमचे हे गप्पच बसले, शिवाय चर्च आणि चिनी जाळी दाखवण्यात सगळा वेळ आणि खरेदीला जेमतेम अर्धा तास. म्हणून आपलं आपणच जावं म्हणते. मला पितळी समई, आरनमुळा आरसा आणि भिंतीवर लावायचं ते हत्तीचं नेट्टीपट्टम (हत्तीच्या कपाळावरचा सोनेरी दागिना असतो तो) बघायचंय. बंदर विलिंग्डन आयलंडला आहे, तिथनं मट्टनचेरीला जाऊ का एर्नाकुलमला? बोट करावी लागते का? सासूबाईंना गुडघ्यामुळं फार चालवत नाही.

विटेकर गलाईवाले:
ताई, आमचे चुलते गलाईच्या (सोनंचांदी गाळायच्या) धंद्यात एर्नाकुलमलाच असतात त्यामुळं माझं येणंजाणं आहे (आपल्या विटा-खानापूरची माणसं केरळात गावोगाव आहेत, सराफ बाजारात खुशाल मराठीत हाक मारून बघा). बेट म्हणजे बोटच लागणार असं काही नाही, दोन्हीकडं पूल आहेत. एकीकडं मट्टनचेरी, दुसरीकडं एर्नाकुलम शहर, कुठंही गेला तरी पाच-सात किलोमीटरच्या आसपास. उबर चालते, रिक्षापण त्यावरच बोलवा. वॉटर मेट्रोपण मस्त आहे, पण सासूबाई बरोबर असताना चढउतार कशाला.

आता मेन गोष्ट. टर्मिनलबाहेर रिक्षावाले दिवसभर फिरवतो म्हणून एवढा कमी रेट सांगतात की आपल्यालाच लाजल्यासारखं होतं. तो रेट परवडतो कारण ते तुम्हाला तीन-चार एम्पोरियममध्ये नेऊन सोडतात, तुम्ही आत दहा मिनिटं बसलात की यांचं कमिशन सुटतं, घ्या नाहीतर घेऊ नका. माणसं वाईट नाहीत हो, पण तुमचे दोन तास त्यातच जातात. दुकान आपण ठरवायचं, रिक्षावाल्यानं नाही.

मिरजेची मृणाल:
माझं मत, बघायला मट्टनचेरी आणि घ्यायला एर्नाकुलम. ज्यू टाउनची गल्ली सपाट आहे, सासूबाईंना जमेल, 1568 चं सिनेगॉग (ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ) टोकालाच आहे, जुने दरवाजे, पेटारे, बरण्या बघत बसायला मजा येते. पण तिथली बरीच दुकानं काश्मिरी मालाची, गालिचे आणि पश्मिना. ते घ्यायला केरळला कशाला जायचं? खास केरळचं पाहिजे तर एम. जी. रोडला कैरळी आहे, सरकारी हस्तकला महामंडळाचं, भाव ठरलेले. आधी तिथले भाव डोळ्याखालनं घाला म्हणजे बाहेर कुणी फसवणार नाही.

आरनमुळा आरसा काचेचा नसतोच, तांबं आणि कथिल ओतून मग घासून घासून चमकवतात, प्रमाण त्या घराण्यांनी बाहेर जाऊ दिलेलं नाही. ओळखायचं कसं तर दुकानदाराला विचारून पेन्सिलीचं टोक आरशाला अलगद टेकवा. साध्या आरशात टोक आणि त्याचं प्रतिबिंब यात काचेच्या जाडीएवढी फट दिसते, यात दोन्ही टोकं एकमेकांना चिकटतात. बोट लावू नका, डाग पडतो. लहानातला लहानसुद्धा हजारांतच जातो, तीनशेला कुणी देत असेल तर हात जोडून पुढं चालायला लागा.

नेट्टीपट्टम उलटं करून मागची बाजू बघायची, फायबरचं असलं की लगेच कळतं. समई वजनावर असते आणि पेचाची घ्या, दांडा खोलून बॅगेत आडवा बसतो.

कृष्णाकाठचा:
वरच्या दोघांनी सगळं सांगितलंच आहे, फक्त वार बघा. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, सिनेगॉग शनिवारी बंद आणि रविवारी एम. जी. रोडवरची बरीच दुकानं बंद. कसवू (सोनेरी काठाची) साडी घेणार असाल तर चेंदमंगलम गावची हातमागाचीच मागा, पावरलूमचीच घ्यायची तर आपली इचलकरंजी काय वाईट आहे. आणि मसाले घेतले तर वेलदोडा, मिरी घ्या, हळद आणाल तर आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डातले लोक बोलतील.

विश्रामबागवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार! पण घोटाळा असा की आमचा दिवस नेमका रविवारच येतोय 😅 मग आता काय करायचं?

विटेकर गलाईवाले:
मग सरळ ज्यू टाउन गाठा, टुरिस्टांचा भाग असल्यामुळं तिथली दुकानं रविवारीही चालू असतात. आरशासाठी पेन्सिल न्या सोबत. कैरळी उघडं असतं का ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, उगाच पूल ओलांडून जाऊ नका. आणि 4 म्हणजे बाजारातनं अडीचला निघायचं, कारण पुलावर गर्दी लागली तर क्रूझवाल्यांच्या टूरसाठी जहाज थांबतं, तुमच्या उबरसाठी थांबणार नाही. क्रूझचं कार्ड आणि आधार तिघांचंही वेगवेगळं जवळ ठेवा, सगळं एकाच पर्समध्ये नको, गेटवर परत येताना दाखवावं लागतं.

मिरजेची मृणाल:
आणि आरसा घेतला तर हातातल्या पिशवीत, समईबरोबर एका बॅगेत अजिबात नको.