घरच्या पोर्चसाठी पोर्टेबल कार लिफ्ट – कुठली घ्यावी? (फोंडा)

फोंडेकर

नमस्कार मंडळी. मी फोंड्याजवळ राहतो, घरात दोन गाड्या, माझी २०१४ ची स्विफ्ट नि बाबांची बोलेरो. यंदा चवथीआधी स्विफ्ट सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मेकॅनिकनं लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली मला बोलावलं नि मागच्या चाकाजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं, तर बशीएवढी गंजाची खपली खाली पडली. वरून गाडी चकाचक, दर रविवारी मी स्वतः धुतो, नि खाली ही अवस्था. खरंच वाईट वाटलं. चार महिने पाऊस नि उरलेलं वर्ष दमट हवा, त्यामुळे आता ठरवलंय की दरवर्षी पाऊस उघडला की दोन्ही गाड्या खालून स्वतः धुवायच्या, ब्रशनं घासायच्या, पूर्ण सुकल्या की अंडरकोटिंग (गंज रोखणारा थर) मारायचं, ऑईल नि फिल्टरसुद्धा घरीच बदलायचे.

सध्या दोन टनी ट्रॉली जॅक आहे, एका वेळी एक कोपरा उचलतो नि खाली चार चिरे (जांभ्या दगडाचे) रचून ठेवतो. पाठ जमिनीला टेकवून एवढ्याशा फटीत हात घालायचा, तोंडावर गंज पडतो, एक बाजू झाली की परत सगळं उतरवून दुसरीकडं. पोर्च २० बाय ११ फूट, उंची पुढच्या बाजूला ९ फूट, खाली पेव्हर ब्लॉक. व्हिडिओत दोन फ्रेमवाली (गाडीखाली दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी फ्रेम सरकवून उचलणारी) लिफ्ट बघितली, कात्रीवाली बघितली, दोन खांबांची काढता-घालता येणारीपण बघितली. एकदाच घ्यायची, पण बरोबर घ्यायची. कुणी घरी वापरतंय का?

डिचोली_गॅरेज

भाऊ, आधी ते चिरे बाजूला करा, आजच. चिरा भिंतीत बसला की पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कारण तिथं भार सगळीकडून सारखा येतो, पण गाडीखाली एका टोकावर वजन आलं की तो न सांगता फुटतो, नि पावसात भिजलेला असला तर अजून ठिसूळ. सिमेंटचा ब्लॉकपण तसाच. गाडीखाली फक्त ॲक्सल स्टँड (वजन धरून ठेवणारे लोखंडी पाय), पिनवाले किंवा दातेवाले, दुसरं काही नाही.

आता लिफ्टचं. १७ वर्षं गॅरेज चालवतोय म्हणून सांगतो, लिफ्ट मागाहून बघा, जमीन आधी बघा. पेव्हर वाळूवर नि बारीक खडीवर बसवलेले असतात, बोलेरो दीड टनाच्या वरची गाडी, तेवढं वजन चार-सहा ठिकाणी उतरलं की एखादा ब्लॉक अर्धा इंच खचतो, नि खाली अर्धा इंच म्हणजे वर गाडी केवढी कलली ते तुम्हीच बघाल. त्यातून पोर्चला पाणी जायला उतार दिलेला असतो तो वेगळाच. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घ्या नि चारही चाकांच्या जागी लेव्हल बघा. आणि घर बांधणाऱ्याला किंवा बाबांना विचारा, पोर्चखाली सेप्टिक टँक किंवा पाण्याची टाकी नाही ना. जागा वाचवायला आपल्याकडं पुष्कळ लोक तिथंच टाकी घालतात, नि मग कसलीच लिफ्ट नको.

प्रकारांचं थोडक्यात: दोन खांबांची लिफ्ट काम झालं की काढून भिंतीला लावता येते, पण वापरताना ती काँक्रीटमध्ये अँकर बोल्टनंच धरलेली असते. निदान ४ इंच चांगलं काँक्रीट पाहिजे, पेव्हरवर तिचा विचारसुद्धा करू नका. कात्रीवाली मिड-राईज गाडी साधारण मीटरभर उचलते, ब्रेक-टायरच्या कामाला उत्तम, कोईमतूरकडं बनणाऱ्यापण मिळतात, पण तिचा सांगाडाच गाडीच्या मध्ये येतो, म्हणजे गिअरबॉक्स, सायलेन्सर, नि तुम्हाला जिथं घासायचंय तो मधला पत्रा सगळा झाकला जातो. शिवाय बोलेरोची उंची १.८८ मीटर, त्यात एक मीटर वाढवा, तुमचं ९ फुटी छप्पर म्हणजे २.७४ मीटर. गाडीचा टप वर टेकणार.

तुमच्या कामाला दोन फ्रेमवालीच. मधली जागा पूर्ण मोकळी राहते.

म्हापसेकर_२२

माझ्याकडं दोन फ्रेमवाली आहे, क्विकजॅक, तीन वर्षं झाली. डिचोलीवाल्या भाऊंनी जमिनीचं सांगितलं ते शंभर टक्के खरं, मी आधी तशीच जुन्या कोब्यावर लावली नि एका बाजूची फ्रेम कोबा चिरडत खाली बसली. गाडी पडली नाही पण तो कट्ट असा आवाज अजून कानात आहे. मग फ्रेमखाली काँक्रीटचे दोन पट्टे ओतून घेतले, खाली खडी कुटून, जाळी घालून, ६ इंच जाड, नि घाई न करता २८ दिवस पाणी मारून पूर्ण पक्के होऊ दिले.

कुठलं मॉडेल ते बघताना तीन गोष्टी बघा. एक वजन, ५००० पौंडवाली म्हणजे साधारण २२७० किलो नि ७००० वाली म्हणजे ३१७५ किलो, स्विफ्ट तर टनाच्या आसपासची, बोलेरोसकट विचार केला तरी मी मोठीच घ्या म्हणेन कारण सामानासकट, टाकी भरलेली असते आपली गाडी. दुसरं, नि हे लोक विसरतात, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) नाही मोजायचा, कंपनीनं सिलखाली (दारांच्या खालची लांब कड) जॅक लावायला खाचा दिलेल्या असतात त्या पुढच्या नि मागच्या खाचेतलं अंतर मोजायचं. फ्रेम ६० इंचांपर्यंत पुरते, लांबवाली ६६ पर्यंत. फ्रेमवरचा रबरी ठोकळा त्या खाचेवरच आला पाहिजे, इकडंतिकडं आला तर सिल चेपते. तिसरं, एकेक फ्रेम ३५ ते ४५ किलोची आहे, पोर्टेबल म्हटलं तरी रोज उचलून आत नेणं होत नाही, मी चाकांवर ढकलून भिंतीकडं उभी करतो.

आता लाईट. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं मला. गाडी वर गेली की लॉक बसतं, दोन्ही बाजूंचं लॉक डोळ्यांनी बघायचं, मग गाडी जराशी खाली सोडून लॉकवर टेकवायची, म्हणजे वजन पंपातल्या तेलाच्या दाबावर नाही, लोखंडावर राहतं. पण उतरवताना उलटं, आधी गाडी इंचभर वर उचलल्याशिवाय लॉक सुटत नाही, नि वर उचलायला मोटर पाहिजे. जुलैत एकदा गाडी वर, नि लाईट गेली ती रात्री साडेदहाला आली. घरात बायकोच्या आईला बरं नव्हतं, डॉक्टरकडं न्यायचं होतं नि गाडी हवेत. शेजाऱ्यांची गाडी मिळाली म्हणून निभावलं. तेव्हापासून दुसरी गाडी मोकळी असल्याशिवाय मी एक वर चढवत नाही, नि आता तुम्ही घेणार असाल तर १२ व्होल्टचं पंप युनिट येतं ते विचारा, गाडीच्या बॅटरीवर चालतं. घरच्या इन्व्हर्टरवर मोटर उठत नाही. २२० वालं घेतलं तर १६ अँपिअरचा वेगळा पॉईंट, स्वतःचा एमसीबी नि अर्थिंग तपासून.

सत्तरीचो

त्यापेक्षा गाडी एका कुशीवर कलवायचा स्टँड येतो ना, स्वस्तात काम होतं. अंडरकोटिंगलाच पाहिजे तर?

डिचोली_गॅरेज

रिकाम्या बॉडीला चालतो, इंजिन काढलेल्या, डेंटिंगवाले वापरतात. चालू गाडी कलवायची तर बॅटरी काढा, पेट्रोल काढा, ऑईल काढा, ब्रेकचं नि कूलंटचं बघा, नि एवढं करून स्विफ्टच्या दोनच खाचांवर भार. घरच्या माणसाला मी कधीच सांगणार नाही.

मडगाव_रोड

एक गोष्ट मनापासून सांगतो, मग लिफ्ट घ्या न घ्या. माझ्या मोठ्या भावानं तीन वर्षांपूर्वी नवीन ट्रॉली जॅक घेतला, चांगला वजनदार, दुकानदारानं तीन टनी म्हणून दिलेला. रात्री गाडी त्यावर ठेवून जेवायला आत गेला, स्टँड गाडीतच पडून होते, म्हटलं पाच मिनिटांचं काम. परत आला तर टायर काढलेल्या बाजूची ब्रेकची डिस्क जमिनीला टेकलेली. जॅकच्या सीलमधून तेल थेंब थेंब झिरपून गाडी आवाज न करता खाली आली होती. जेवायला न जाता तो खाली असता तर काय, हे आम्ही घरात आजही बोलत नाही. लिफ्ट असो जॅक असो, तेलावर उभ्या गाडीखाली जाऊ नका, कधीच.

फोंडेकर

सगळ्यांना देव बरें करूं. काल संध्याकाळीच चिरे परसात नेऊन टाकले नि तीन टनी स्टँडची जोडी मागवली. बाबांना विचारलं, पोर्चखाली टाकी नाही, ती मागच्या दारी आहे, पण नळी लावून बघितलं तर पुढच्या नि मागच्या चाकाच्या जागेत अडीच इंचांचा फरक. म्हणजे पट्टे ओतावेच लागणार. स्विफ्टच्या खाचांमधलं अंतर ६० इंचांच्या जवळपासच येतं, थोडं इकडं की तिकडं ते परत नीट मोजतो. बोलेरोला मात्र खाली खाचाच सापडेनात, तिचं कसं?

डिचोली_गॅरेज

बोलेरोला सिलवर उचलायचंच नाही, तिची बॉडी वेगळी नि चेसिस वेगळी. ठोकळा चेसिसच्या लांब पट्टीखाली यायला पाहिजे. पण चेसिस उंच, फ्रेम जमिनीपासून तीनच इंच, म्हणजे अर्धी उचल नुसती चेसिसपर्यंत पोचण्यातच जाते नि टायर जेमतेम सुटतात. उंच गाड्यांसाठी वेगळे लांब ॲडॉप्टर येतात ते लिफ्टबरोबरच मागवा. लाकडाचे तुकडे रचू नका, घसरतात.

खरं सांगायचं तर बोलेरोखाली माणूस तसाही आरामात सरकतो. तिला दोन पक्के रॅम्प नि स्टँड पुरे, लिफ्ट स्विफ्टच्या मापानं घ्या. मग लांब फ्रेमची ५००० वाली पुरेल, नि वाचलेल्या पैशात काँक्रीट नीट करा.

म्हापसेकर_२२

हो, हे पटतं, मी मोठी सुचवली ती दोन्ही गाड्या धरून. अजून एक, पहिल्यांदा जोडल्यावर फ्रेम रिकाम्या चार-पाच वेळा वरखाली करून पाईपातली हवा काढा, नाहीतर एक बाजू आधी उचलते नि दुसरी मागाहून. नि मे संपायच्या आत सगळ्या पिनांना ग्रीस. माझ्या पहिल्याच पावसात लॉकचा दाता गंजून अर्धवट बसायला लागला होता, टॉर्च लावून बघितलं म्हणून कळलं.

फोंडेकर

ठरलं तर, लांब फ्रेमवाली ५०००, १२ व्होल्टच्या युनिटसह मिळाली तर तीच. गवंड्याला उद्या बोलावलंय, तो पेव्हर सोडवून रचून ठेवणार, पट्टे १८ इंच रुंद सांगितलेत. काँक्रीटचे २८ दिवस होईपर्यंत स्विफ्ट रस्त्यावर लावतो, तोवर स्टँडवर एका बाजूचा गंज घासायला सुरुवात करतो.