मदत हवी आहे : कृतज्ञतेची वही लिहायला घेतली आणि राग वाढला. काय चुकतंय?

ओला_टॉवेल

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथं नुसती वाचतेय, तेही बहुतेक पाककृतीच. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही नागपूरला महालात राहतो. घर जुनं, वरच्या खोलीवर अजून कवेलू (म्हणजे कौलं) आहेत. नवऱ्याचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. लोक आता पत्रिका मोबाइलवरच पाठवतात, छापून घेतात त्या पन्नास-साठ, देवापुढे ठेवायला आणि मामाकडे द्यायला. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. कळतं सगळं, पण शब्द निघत नाही. मुलगा बारावीनंतर एक वर्ष थांबून प्रवेश परीक्षेची तयारी करतोय, म्हणजे दार लावून बसतो. धाकटे दीर पुण्याला असतात. ते रोज सकाळी सहाला सुविचार पाठवतात.

जुलैत एका मैत्रिणीनं सांगितलं, रोज रात्री झोपताना तीन चांगल्या गोष्टी लिहीत जा, फरक पडतो. दुकानात जुन्या डायऱ्यांचा ढीग आहे, त्यातली 2019 ची एक घेतली. पहिल्या दिवशी लिहिलं, डोक्यावर छत आहे, माणसं आहेत, दोन वेळचं जेवण आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी "कालच्याप्रमाणे" एवढंच लिहिलं. नवव्या रात्री पावसानं वरचा कवेलू सरकला. बादली लावून खाली आले, वही उघडली, तर पहिली ओळ छताची. पान फाडून टाकलं.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हा धागा काढला.

फिजिओवाले म्हणाले होते की आईंच्या डाव्या हाताला काहीतरी काम देत जा. म्हणून गेल्या मंगळवारी पलंगावर पेपर पसरला आणि त्यांच्यापुढे सांबाराची जुडी ठेवली. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्या-मुंबईकडच्यांनी इडलीबरोबरचं समजू नये.) श्रावणात सांबार किती महाग असतो ते तुम्हाला माहीतच आहे, 40 रुपयांना जुडी आणि मुळांना अर्धा चिखल. त्या डाव्या हातानं एकेक काडी उचलायच्या, खिडकीच्या उजेडात धरून बघायच्या, मग ठेवायच्या. मी समोर बसून न वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होते. पाऊण तास गेला. मग त्यांनी माझ्या मनगटावर दोनदा टिचक्या मारल्या आणि म्हणाल्या, "झालं."

दोन वर्षांत पहिला स्पष्ट शब्द.

मी वाकून पाहिलं तर वाडग्यात नुसत्या काड्या आणि जुडीचं रबर, आणि चांगली पानं सगळी कचऱ्यात. आधी हसले, मग रडले, मग स्वयंपाकघरात नेऊन कचऱ्यातून पानं वेचली. त्या दिवशी वहीत लिहायला पहिल्यांदा काहीतरी खरं होतं.

संध्याकाळी आनंदानं दिरांना फोन केला. ते म्हणाले, "बघा वहिनी, किती भाग्यवान आहात तुम्ही, आईची सेवा तुमच्या वाट्याला आली." तेव्हापासून आभार हा शब्द दिसला तरी डोक्यात तिडीक जाते. वही उघडलेली नाही.

मला वाटतं ते असं. मी समाधान मानलं की बाकीचे सुटतात. वहिनी खूश आहेत ना, मग चाललंय ते चालू द्या. नवरा काही वाईट माणूस नाही, पण तोही म्हणतो, "तू करतेस छान." हे समाधान आहे की मी हळूहळू हात टेकतेय, तेच कळेनासं झालंय. शिवाय तीन महिन्यांपासून रात्री तीनला जाग येते ती येतेच.

तुमच्या घरी अडचणी असताना तुम्ही हे कसं जमवता? उपदेश नको, स्वतः काय करता ते सांगा.

सहज

ताई, सकारात्मक राहा. आपल्यापेक्षा वाईट परिस्थितीत किती लोक आहेत ते बघा. एखाद्या मोठ्या दवाखान्याच्या वऱ्हांड्यात चक्कर मारून या, आभार आपोआप सुचतील.

ओला_टॉवेल

सहज, त्या वऱ्हांड्यात सासूबाईंच्या वेळी अकरा रात्री काढल्यात. शेजारच्या बाईचा नवरा आमच्यापेक्षा गंभीर होता. तिच्याकडे बघून मला बरं नाही हो वाटलं. आमच्या डब्यातली पोळी तिला दिली, एवढंच.

वजाबाकी

तुमच्या मैत्रिणीनं सांगितलं ते अगदीच हवेतलं नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांचा 2003 सालचा अभ्यास यात नेहमी सांगितला जातो. त्यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटानं आठवड्यातून एकदा, पाचपर्यंत, आभार वाटलेल्या गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं कटकटी, तिसऱ्यानं नुसत्या घडामोडी. असं 10 आठवडे. आभारवाल्यांना आपलं आयुष्य एकूण बरं चाललंय असं जास्त वाटलं. त्याच अभ्यासाचा एक भाग स्नायू आणि नसांचा आजार असलेल्या प्रौढांवर होता, 21 दिवस रोज लिहायचं. त्यांनी झोपही बरी लागल्याचं सांगितलं. म्हणजे हे फक्त सुखवस्तू लोकांचं खूळ नाही.

पण तुमची वही कंटाळवाणी का झाली, त्याचंही उत्तर आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवडे काही जणांना आठवड्यातून एकदा लिहायला लावलं आणि काहींना तीनदा. फायदा दिसला तो एकदाच लिहिणाऱ्यांना. रोज लिहिलं की हजेरीपट होतो, तुमच्या "कालच्याप्रमाणे"सारखा. आणि "डोक्यावर छत" हे सरकारी उत्तर झालं. मनगटावरच्या टिचक्या लिहा ना.

"सुखी लोकांकडे बघू नका, दुःखी लोकांकडे बघा" हा सल्ला मला स्वतःला कधीच पटला नाही. त्यात आभार कमी आणि सुटल्याचा नि:श्वास जास्त असतो.

दुपारची_पाळी

मी नर्स आहे म्हणून तीन गोष्टी पटकन लिहिते. वहीचं नंतर बघू.

पहिली, "झालं" हा शब्द सोडू नका. वाचा गेलेल्या माणसात दोन वर्षांनंतरही सरावानं थोडी सुधारणा होऊ शकते. स्पीच थेरपिस्टला दाखवा आणि घरी रोजच्या कामाशी जोडून तेच तेच शब्द वापरा. सांबार निवडून झाला की "झालं", चहा संपला की "झालं".

दुसरी, साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं तुम्ही एकटीच करताय, हो ना? तुमच्या लिहिण्यात दुसऱ्या कुणाचं नावच नाही आलं. रात्रीची एक पाळी तरी घरातल्या दुसऱ्या माणसानं घ्यायलाच हवी, नाहीतर काही दिवसांनी दोन रुग्ण होतील. हवेची गादी असेल तरी कूस बदलणं चुकत नाही.

तिसरी, तीन महिने तीनला जाग येणं हे दमण्याच्या पुढचं असू शकतं. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. रात्री तीनला जाग आल्यावरसुद्धा लावता येतो. तुम्ही वेड्या आहात म्हणून सांगत नाहीये. आमच्या वॉर्डातल्या नातेवाइकांनाही मी हाच नंबर देते.

कोर्टकचेरी

दिरांबद्दल. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा 2007 चा कायदा आहे. त्यात आई एका किंवा अनेक मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकते. अर्ज तिच्या नावानं जातो, पण ती स्वतः करू शकत नसेल तर तिनं अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती करू शकते. त्या कायद्यात महिन्याची कमाल मर्यादा 10,000 रुपये आहे.

पण माझं ऐकाल तर लगेच तिकडे जाऊ नका. आधी डायपर, औषधं, फिजिओ सगळा खर्च महिनावार लिहा आणि तो कागद दिरांना पाठवा. पुष्कळ भाऊ वाईट नसतात, त्यांना आकडा माहीत नसतो. माहीत झाल्यावरही सुविचारच आला, तर मग मला इथं विचारा.

उमरेडचा_म्हातारा

बाई, मी शेतकऱ्याच्या घरचा. आता लेकाकडं मानेवाड्याले राह्यतो. तुमचं वाचलं अन् बाप आठवला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदशेकणी राहे. बैल नदीवर धुवून आणायचे अन् हळद-तूप घेऊन त्याईच्या खांद्याले चोळायचं. शिंगं रंगवणं, झूल, घुंगरमाळा हे सारं उद्या. आधी खांदा. जुवानं जिथं घट्टा पडला तिथं बाप बोटानं चाचपून पाहे, कुठं सोलून निघालं का. सोलून निघालेलं दिसलं का बाप गपच बसे. त्या साली मंग नांगरटीले भाड्याचा ट्रॅक्टर सांगे, पैसे नसले तरी. मंग बैलाच्या कानाशी जाऊन म्हणे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

तुमचा दीर तुमाले भाग्यवान म्हणते. म्हणू द्या. पण तुमच्या खांद्याले कोणी हात लावून पाहिला का? माझा बाप आभार मानायच्या आधी ते पाहे.

दुसरी गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याच महाल-इतवारीत मारबत निघते, म्हंजे बाईचा मोठा पुतळा. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. सारं गाव वरडते, इडा पिडा घेऊन जा गे मारबत! संग बडगे राह्यतात, म्हंजे माणसाचे पुतळे, त्याईच्या गळ्यात पाट्या राह्यतात, त्यात महागाईपासून सरकारपर्यंत कोणी सुटत नाही. मंग नेऊन जाळून टाकते. आता मले सांगा, कोणी म्हणते का, काल त बैलाले ओवाळलं, आज तक्रार काऊन करून राह्यले? नाही म्हणत. आपल्या लोकाईनं त्याले दोन वेगळे दिवस देऊन ठेवले. तुम्ही दोन्ही एकाच पानावर लिहून बेरीज-वजाबाकी करून राह्यल्या, म्हणून डोकं दुखते.

(वजाबाकी भाऊ, नावावरून बोललो नाही, राग नको.)

वजाबाकी

राग कसला. माझ्या तीन परिच्छेदांपेक्षा हे बरं आहे.

ओला_टॉवेल

उशिरा लिहितेय, माफ करा. धागा वर आला म्हणून कुणी वैतागू नका.

कोर्टकचेरी, हिशेब केला. महिन्याला साधारण 9,500. दोन वर्षांचे 2,28,000. माझे हात त्यात धरले नाहीत. दिरांना कागदाचा फोटो पाठवला, खाली एक ओळही लिहिली नाही. दोन दिवस काहीच नाही आलं, सुविचारसुद्धा नाही. घरात तेवढी शांतता. तिसऱ्या दिवशी फोन आला, बराच वेळ चिडून बोलले, मग म्हणाले महिन्याला 4,000 पाठवतो आणि दिवाळीत आठ दिवस येतो. पहिले 4,000 आलेत. दिवाळीचं दिवाळीला बघू.

नवरा मात्र आधी रागावला. "भावाला हिशेब पाठवतात का?" दोन दिवस जेवताना फक्त "मीठ दे" एवढंच बोलणं. मग त्यानं हा धागा वाचला, मुलानं दाखवला म्हणे. त्यावर अजून एक शब्द बोललेला नाही. पण रात्री दोनची कूस आता तो बदलतो, गजर लावून. पहिल्या रात्री गजर वाजला तेव्हा तो उठला, मी उठले, आई तर जाग्याच होत्या. तिघंही एकमेकांकडे बघत बसलो. आता मी उठत नाही. तीनला जाग अजूनही येते, पण रोज नाही. 14416 ला एकदा फोन केला, बाईंनी नीट ऐकून घेतलं, डॉक्टरांना भेटायला सांगितलंय. पुढच्या आठवड्यात जाईन.

काका, मारबत बघायला गेले. महालात वीस वर्षं राहून कधी गेले नव्हते, गर्दी नको वाटायची. मुलगा म्हणाला चल, तर त्याच्यामागं गाडीवर बसून गेले. पिवळी मारबत समोरून जाताना सगळे ओरडत होते, मीही ओरडले. इडा पिडा, गळके कवेलू, सकाळचे सुविचार घेऊन जा गे मारबत! शेजारचा एक पोरगा म्हणाला, "काकू, सुविचार काऊन?" माझा मुलगा इतका हसला की त्याला खोकला आला. किती महिन्यांनी त्याचं हसणं ऐकलं.

वही पुन्हा काढली आहे. रविवारी दुपारी बसते, आठवड्यातून एकदाच. उजव्या पानावर मारबत, डाव्या पानावर पोळा. उजवं पान लवकर भरतं. मागच्या रविवारी डावीकडे एकच गोष्ट लिहिली, ती मुलाच्या खोकल्याची. कवेलूवाला अजून आलेला नाही, पाऊस थांबल्याशिवाय वर चढणार नाही म्हणतो, त्याचंही बरोबर आहे.

सांबाराच्या आता दोन जुड्या आणते. एक आईंना, एक स्वयंपाकाला.