नियम हवेत, पण खेळाडूसाठी
टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या, फाश्यांवर चालणाऱ्या खेळांबद्दल काही जण म्हणतात की नियम जितके कमी, तितका गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवून निकाल देणारा, मोकळा. हे अर्धंच पटतं. मास्टर मोकळा होतो, खेळाडू मात्र अडकतो. छपरावरून उडी मारली तर काय होईल याचा अंदाजच नसेल, तर तो आधी मास्टरच्या तोंडाकडे बघतो. पडल्यावर दर 10 फुटांमागे एका सहा बाजूंच्या फाश्याएवढी इजा, हे ठाऊक असलं की स्वतः हिशेब करून उडी घेतो.

दुसरं टोकही भोगलंय म्हणा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत कुणाला नुसतं पकडायचं तरी आधी समोरच्याला फुकटचा वार, मग स्पर्श होतो का ते बघा, मग दोघांचे फासे. झटापट राहिली बाजूला, पुस्तकच चाळत बसायचं! 2014 च्या पाचव्या आवृत्तीनं परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाका, मोठा घ्या, एवढ्यावर भागवलं. वीस बाजूंच्या फाश्याची सरासरी 10.5 वरून साधारण 13.8 वर जाते. पुरे की.

नियम अर्ध्या मिनिटात सापडला नाही तर मी फासा पडायच्या आधीच यशासाठी गाठायचा आकडा मोठ्यानं सांगतो: सोपं 10, मध्यम 15, अवघड 20. नंतर आकडा ठरवणं मला फसवणूकच वाटते. निर्णय वहीत टिपतो, पुढच्या वेळी तोच लागू. पात्र मरणार असेल तर मात्र पुस्तक उघडायचंच, 10 मिनिटं गेली तरी चालतील.