विद्यापीठातली पोरं अन् बाजूची वस्ती

नागनदीकाठचा: काल एका काकांनी ग्रुपवर टाकलं की सगळ्या कॉलेजच्या पोरांना वस्तीशी काही देणंघेणं नाही, एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) तास फोटो काढून भरतात. काका, २३ सप्टेंबर २०२३ ला आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन घराघरात पाणी शिरलं, तेव्हा आमच्या होस्टेलची पोरं लोकांच्या घरातला गाळ काढून राहिली होती, भिजलेल्या गाद्या, फ्रिज उचलून बाहेर आणत होती, कोणी तास लिहून घेतले नाही की सर्टिफिकेट मागितलं नाही. ते नाही दिसलं तुम्हाला?

महालकर: मीच लिहिलं ते. पुरात धावून जाणं वेगळं, टिकून काम करणं वेगळं. एनएसएस म्हणजे वर्षाला १२० तास अन् सात दिवसांचं शिबिर. काटोलकडं मामाच्या गावात पोरांनी सांडपाणी जिरवायला शोषखड्डे खणले, पुढच्या पावसात बुजले, नंतर कोणी फिरकलं नाही. ग्रामगीता लिहिणाऱ्या तुकडोजी महाराजांचं नाव विद्यापीठाला आहे, त्याची तरी लाज ठेवा.

एमएस्सी_भाग_दोन: अन् वस्ती आम्हाला घेते का? मी गडचिरोलीची. रूम पाहायला गेलं की पहिला प्रश्न आडनाव काय, दुसरा नॉनव्हेज खाता का. एका ठिकाणी अ‍ॅडव्हान्स ठरला होता, आडनाव ऐकल्यावर रूम अचानक भाच्याला दिलेली निघाली.

महालकर: विषय भरकटवू नका. घरमालकांनाही त्रास असतो, रात्री दोन-दोन वाजता गाड्या फिरवता.

सदरवाली: भरकटला नाही, हाच विषय आहे! १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं धम्मदीक्षा दिली त्या शहरात आडनाव विचारून रूम नाकारता अन् वरून पोरांनी समाजात मिसळावं म्हणता? गाड्यांचा अन् आडनावाचा काय संबंध?

महालकर: आडनाव विचारणं चूकच, मान्य. पण शोषखड्ड्यांचं उत्तर कोणी देऊन नाही राहिलं.

जुना_कार्यक्रम_अधिकारी: मी देतो. पुढच्या वर्षी बॅच बदलते, अधिकारीही बदलतो, अन् शिबिर संपल्यावर गावात परत जायला एसटीच्या भाड्याचे पैसे कोणी देत नाही. खड्डा साफ कोण करणार हे ग्रामपंचायतीशी ठरवतच नाहीत. पोरांना कशाला बोलता?

एमएस्सी_भाग_दोन: म्हणून पायी जाता येईल अशी वस्ती घ्या. आम्ही चौघी पांढराबोडीत मुलांना गणित शिकवतो. मला रूमही तिथंच मिळाली, आडनाव न सांगता.

नागनदीकाठचा: काका, गावाचं नाव द्या, दिवाळीत खड्डे साफ करायला येतो. मेसेज मात्र मागे घ्या.

महालकर: मेसेज मागे घेत नाही. "सगळ्या" काढून "बऱ्याच" करतो.